जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट : जळगावच्या एका घरातली बसवणूक

यंत्र २०१३ साली जुळवून घेतलेलं. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३-३२२० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आणि विंडोज १०. बिघाड कसलाच नव्हता. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसायचा, पण हार्डडिस्कचा लाल दिवा तीन-चार मिनिटं पेटलेलाच राहायचा आणि तो विझेपर्यंत ब्राउझर उघडण्यात अर्थ नसायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे हे यंत्र यादीबाहेर. सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेता येते, तीही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. चालतं यंत्र निव्वळ तारखेपायी भंगारात घालणं आम्हाला पटत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवायचं ठरलं.

डाउनलोडच्या आधी एक कागद घेतला आणि त्या घरात कॉम्प्युटरवर नेमकी कोणती कामं होतात ते लिहून काढलं. सातबाऱ्याचा उतारा काढणं, विजेचं बिल, मुलांचे फॉर्म, मराठीत अर्ज टाइप करून प्रिंट काढणं, फोनमधले फोटो उतरवणं, व्हिडिओ बघणं आणि महिन्यातून दोनदा टॅली. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच होतात. नवी प्रणाली बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. आठ दिवसांनी प्रिंटर चालत नाही म्हणून लोक परत फिरतात.

‘फुकट कसं काय?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीला विद्यार्थी असताना लिहायला घेतला. त्याभोवतीची बरीच साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून आली. दोन्हींचा परवाना असा की कोणीही वापरावं, बघावं, बदलावं आणि पुढे द्यावं. मिंट हा त्यावर उभा असलेला एक संच, २००६ पासून चालू आहे. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किल्ली, ॲक्टिव्हेशन, चोरीची प्रत, यांतलं काहीच इथे येत नाही.

विंडोज चालू असतानाच तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, प्रोसेसर ६४ बिटचा आहे का. कोअर टू ड्युओपासून पुढचं बहुतेक सगळं ६४ बिटचंच आहे. पण विंडोज ३२ बिटची असली म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटचाच, असा समज करून घेऊ नये. दुसरी, विंडोज कोणत्या पद्धतीने सुरू होते. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ (जुनी पद्धत) किंवा ‘यूईएफआय’ (नवी) लिहिलेलं दिसतं. इथे ‘लेगसी’ होतं. ते कागदावर टिपून ठेवलं, त्याचा उपयोग पुढे येईल. तिसरी, लॅपटॉप असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, हातच घालू नये. फोटो, दाखले, टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर काढावा आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघाव्यात. कॉपी झाली एवढं पुरत नाही, ती उघडलीही पाहिजे.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण प्रणालीची एकच मोठी फाइल, जवळपास ३ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही आणि ब्राउझरमधून अर्ध्यावर तुटली की बहुधा पहिल्यापासून. त्यामुळे मिंटच्या संकेतस्थळावरची टॉरेंट फाइल घ्यावी. तुटलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतं आणि प्रत्येक तुकडा जागेवर तपासला जातो. थेट डाउनलोड केलं असेल तर एसएचए-२५६ ची, म्हणजे फाइलच्या ठशाची, पडताळणी स्वतः करावी. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ या यादीतून ‘एसएचए-२५६’ निवडायचं. जी ६४ अक्षरं येतील ती संकेतस्थळावरच्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. पहिली सहा आणि शेवटची सहा जुळली तरी घरगुती कामाला पुरतं. ही दोन मिनिटं वाचवली आणि फाइल खराब निघाली, तर बसवणूक मध्येच कुठेतरी अडते आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो.

सिनॅमन, मेट आणि एक्सएफसीई असे मिंटचे तीन प्रकार आहेत. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई घ्यावं, ८ जीबी असेल तर सिनॅमन. फार खल करू नये, कारण तिन्हींचा गाभा एकच आहे. आणि रॅम खातो तो ब्राउझर, डेस्कटॉप नव्हे.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. तो चांगल्या दुकानातला घ्यावा. आठवडे बाजारात मिळणारे ‘६४ जीबी’चे पेनड्राइव्ह आत प्रत्यक्षात चार-आठ जीबीचे निघतात आणि लिहिताना चूक दाखवतही नाहीत. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस या छोट्या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. रुफस विचारतं, आयएसओ पद्धत की डीडी पद्धत? आधी आयएसओ घ्यावी. त्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालंच नाही तर पुन्हा डीडीने लिहावं. डीडीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ‘फॉरमॅट करायचा का?’ असं विचारलं जातं. तिथे नाही म्हणायचं. या ठिकाणी हो म्हणून बसलेले बरेच जण आहेत.

मग कॅबिनेट उघडलं. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि त्यात कापसाचे बारीक तंतू; प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर त्याचा अक्षरशः नमद्यासारखा थर बसलेला होता. वारा आत शिरायलाच वाट नव्हती. पंखा बोटाने धरून ठेवून ब्रश आणि ब्लोअरने थर काढला. पंखा मोकळा फिरू दिला तर ब्लोअरच्या वाऱ्याने तो वेगात फिरतो आणि बेअरिंग खराब होते. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध लावली. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार प्लास्टिकच्या पिना असतात. बसवताना चारही ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर बेतलेलं असतं: खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही तेवढ्याच अंशांनी चढतो. जानेवारीत जे यंत्र नीट चालतं ते जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळीसवर गेला की, स्वतःचा वेग कमी करून घेतं. अशा वेळी कोणतीही प्रणाली बसवली तरी ‘हँग होतंय’ हेच ऐकायला मिळतं.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदलला, तीस-चाळीस रुपयांचा. यंत्र चालू करताना तारीख दरवेळी कित्येक वर्षं मागे जात होती. घरोघरी रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटण बंद करतात. मग घड्याळ सगळा वेळ त्या सेलवरच चालतं आणि तो लवकर संपतो. लिनक्समध्ये याचा त्रास अनपेक्षित जागी होतो. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अवैध ठरवतो आणि अपडेटही ‘ही यादी अजून वैध नाही’ म्हणून थांबतात. माणूस नेट तपासत बसतो, दोष असतो सेलचा.

या सगळ्यात खरा फरक पाडला तो २४० जीबीच्या साटा एसएसडीने, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कने. फिरत्या डिस्कला एकेका तुकड्यासाठी डोकं हलवून योग्य जागी नेताना साधारण १० मिलिसेकंद लागतात; एसएसडीला त्याचा शंभरावा भागही लागत नाही. प्रणाली सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचले जातात. एच६१ वर साटाची गती ३ गिगाबिटची, म्हणजे आजच्या मानाने निम्मी. पण तुकड्यांच्या वाचनाला ती आड येत नाही. जोडीला ४ जीबीची आणखी एक रॅम घेतली. डीडीआर३ घेताना दुकानदाराला बोर्ड सांगावा. ‘फक्त एएमडीसाठी’ अशी स्वस्त रॅम बाजारात मिळते, ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. यंत्र नुसतं बीप देतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये बोर्ड सोबत नेला की अशी चूक तिथेच टळते.

आता मुख्य खबरदारी. जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवली. यंत्राला फक्त नवी, रिकामी एसएसडी दिसत होती. बसवताना काहीही चुकीचं निवडलं तरी विंडोज आणि टॅली यांना धक्का लागण्याचा प्रश्नच उरला नाही. डेस्कटॉप असणाऱ्या प्रत्येकाला आमचं हेच सांगणं आहे. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली बसवता येतात, पण ज्याने हे कधी केलेलं नाही त्याने पहिल्याच खेपेला ते का करावं?

पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावला. पुढच्या पोर्टच्या वायरी लांब आणि जुन्या असतात, मोठ्या वाचनात चुका होतात. चालू करताना बूट मेनूची कळ: गिगाबाइटच्या बोर्डवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, आसुसवर एफ८, डेल आणि लेनोवोच्या लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसतं नाव आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’. ज्या ओळीने सुरू कराल त्याच पद्धतीने प्रणाली बसते, म्हणून इथे मघाचा कागद काढायचा. जुनी विंडोज लेगसी आणि नवं मिंट यूईएफआय असेल तर मिंटच्या मेनूतून विंडोज सुरू करता येत नाही. बूट मेनूची कळ दाबूनच डिस्क निवडावी लागते. एकाच मेनूत दोन्ही हव्या असतील तर दोन्ही एकाच पद्धतीच्या हव्यात. इथे डिस्क वेगवेगळ्या होत्या आणि विंडोज महिन्यातून दोनदाच लागणार होती, म्हणून यूईएफआयची ओळ घेतली.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, डिस्कला हात न लावता. हा भाग लोक दोन मिनिटं बघून ‘इन्स्टॉल’च्या चिन्हावर जातात. आम्ही इथे दीड तास घालवला आणि पुढचा सगळा मनस्ताप इथेच सापडला.

आधी पडदा. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, पण मिंटने १०२४ बाय ७६८ धरलं. यात ड्रायव्हरचा दोष नव्हता. व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून मॉनिटर ‘मी अमुक मापाचा’ हे कळवतो, आणि त्या केबलला १२ नंबरची पिनच नव्हती. विंडोजमध्ये माप कधीतरी हाताने पक्कं केलेलं असल्याने हे कधी लक्षात आलं नव्हतं. केबल बदलताच माप आपोआप बरोबर आलं. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर पडदा साफ काळाही राहतो. तेव्हा पहिल्या मेनूतलं ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्यावं आणि मिंट बसल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डाचा ड्रायव्हर बसवावा.

आवाज आला नाही, कारण निवड एचडीएमआयवर होती. साउंड सेटिंगमध्ये ‘ॲनालॉग’ निवडलं की झालं.

मग वायफाय. घरात यूएसबीचा छोटा डोंगल होता. तो लावला तर नेटवर्कऐवजी सीडी लावल्यासारखं चिन्ह आलं. अलीकडचे बरेच डोंगल विंडोजचा ड्रायव्हर पोटातच घेऊन येतात आणि आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात. त्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ केलं की डोंगल वायफाय म्हणून पुन्हा उभा राहतो. इथे तसंच झालं. झालं नसतं तरी अडचण नव्हती: अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडायचा, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं, मिंटला लगेच नेट मिळतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय असलेल्या जुन्या लॅपटॉपवर हा उपाय बऱ्याचदा लागतो, कारण त्याचा ड्रायव्हर बहुधा नेटवरून उतरवायचा आणि नेट तर त्या ड्रायव्हरशिवाय नाही.

शेवटी ‘सस्पेंड’ करून यंत्र झोपवलं आणि परत उठवलं. लॅपटॉप असेल तर पडद्याचा उजेड कमी-जास्त करणं, टचपॅड, कॅमेरा हेही बघावं. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये.

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. कळफलकात ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ निवडलं. त्यात उजव्या ऑल्टसोबत ४ दाबला की ₹ येतं. इथे मराठी कळफलक निवडू नये. निवडला तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, दिसतात नुसते ठिपके, आणि लॉगिन का होत नाही ते कळत नाही. ‘मल्टिमीडिया कोडेक’वर टिक केली, वेळेसाठी नकाशावर कोलकाता. एकच डिस्क जोडलेली असल्याने ‘डिस्क पुसून मिंट बसवा’ हा पर्याय निर्धास्त घेता आला. पंधरा मिनिटांत काम झालं. हे सकाळी सातला उरकलं. दुपारी उन्हाच्या तडाख्यात वीज कधी दोन सेकंद जाईल याचा भरवसा नसतो.

ज्यांचा लॅपटॉप आहे आणि डिस्क एकच, त्यांना वीज हाच मोठा धोका आहे. त्यांनी विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच ‘श्रिंक’ करून किमान ५० जीबी जागा मोकळी करावी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना. १०० जीबी रिकामे असूनही श्रिंक पाच-सातच जीबी देतं, कारण हलवता न येणाऱ्या फाइल मध्ये बसलेल्या असतात. हायबरनेशन, सिस्टिम रिस्टोअर आणि पेजफाइल तात्पुरतं बंद करून यंत्र रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा जागा मिळते. मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेजची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर आहे; ती ‘एएचसीआय’ लागते. पण थेट बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून अडते. बदल करण्याआधी विंडोजमध्ये ‘सेफ मोड’ लावून रीस्टार्ट करायचं, त्याच वेळी बायोसमध्ये एएचसीआय करायचं, मग विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून तो काढून टाकायचा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर आधी अपडेट मॅनेजर. तो काही शे एमबी मागतो, तेवढा डेटा त्या दिवशी हाताशी ठेवावा. त्याच खिडकीतून जवळचा वेगवान मिरर, म्हणजे अपडेट देणारा सर्व्हर, निवडता येतो. मग टाइमशिफ्ट लावलं, आठवड्याला एक याप्रमाणे दोन प्रती. एखाद्या अपडेटने बिघडलं तर प्रणाली मागच्या आठवड्यात नेता येते. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळतं. फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

मराठी टायपिंगला मात्र वेळ द्यावा. मराठी अक्षरं दिसायला काहीच करावं लागत नाही, नोटो आणि लोहित हे फाँट असतात. लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. इनस्क्रिप्ट (प्रत्येक कळेला ठरलेलं देवनागरी अक्षर) येत असेल त्याने कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’खाली अधिकचं चिन्ह दाबून मराठी इनस्क्रिप्ट जोडावा, आणि इंग्रजी-मराठी बदलायची कळ तिथेच ठरवावी. उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्याने सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ बसवावं, ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडावं, लॉगआउट करून परत यावं, मग आयबसच्या यादीतून मराठी जोडावं. लॉगआउट केलं नाही तर सगळं बसलेलं दिसतं पण अक्षर उमटत नाही. ‘चालत नाही’ म्हणून सांगणाऱ्या दहापैकी आठ जणांचं इथेच अडलेलं असतं.

आमचं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास बसलं की हात वळतो, आणि तो अंदाज लावत नाही, दाबाल तेच लिहितो. अहिराणीत लिहिणाऱ्याला याचं मोल जास्त. ‘काय करी ऱ्हायना’ लिहायचं असेल तर फोनवरचा कळफलक ‘ऱ्हायना’ची ओढूनताणून ‘राहिना’ करू पाहतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, डी म्हणजे अक्षराचा पाय मोडणं, यू म्हणजे ह, ई म्हणजे काना. ऱ्हा झाला. तिरकी रेघ म्हणजे य. व्ही म्हणजे न, पुन्हा ई. सात कळा आणि ‘ऱ्हायना’ जसा बोलला तसा पडद्यावर. दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्या हे शब्दही याच ऱ ने लिहायचे. साधा र घेऊन पाय मोडला तर ‘दुसर्या’ असं रफाराचं उमटतं.

जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधले अर्ज, लग्नपत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते, तो फाँट यंत्रावर नसतो. वाचण्यापुरता फाँट बसवून भागतं. पुढच्या वापरासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, कितीही कंटाळा आला तरी. युनिकोडमध्ये मंगल फाँटात केलेला अर्ज लिबरऑफिसमध्ये उघडतो, पण मंगल नसल्यामुळे दुसरा फाँट लागतो आणि एका पानाचा अर्ज दीड पानावर जातो. एक टाइपने काढलेला मुक्ता हा मुक्त फाँट बसवला आणि घरातले नवे अर्ज त्यातच करायचं ठरवलं. बाहेर पाठवताना पीडीएफ.

प्रिंटर होता एचपी लेझरजेट एम१००५, आपल्याकडे झेरॉक्सच्या टपरीपासून वकिलांच्या ऑफिसपर्यंत दिसणारा. केबल लावताच मिंटने त्याला ओळखलं, नावही आलं. प्रिंट दिली तर दिवा लुकलुकला, कागद काही आला नाही. या प्रिंटरला ‘एचपीएलआयपी’ या मुक्त ड्रायव्हरसोबत कंपनीचं एक बंद प्लगिन लागतं आणि परवान्यामुळे ते मिंटसोबत येत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत ‘एचपी-प्लगिन’ ही आज्ञा दिली की ते नेटवरून उतरतं. पुढची प्रिंट लगेच आली, स्कॅनही झालं. प्लगिनची आणि ड्रायव्हरची आवृत्ती एकच असावी लागते. मोठ्या अपडेटनंतर एखाद्या दिवशी प्रिंटर पुन्हा गप्प बसला तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. नवे वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र स्वतःच्या बंद भाषेत बोलतात. त्यांची प्रिंट पेनड्राइव्हवरून मिंट चालवतानाच काढून बघावी.

काय चालणार नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. टॅली लिनक्ससाठी नाही. ई-केवायसीच्या अंगठ्याच्या यंत्रांची सर्व्हिस विंडोज आणि अँड्रॉइड धरूनच बनवलेली असते, त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्याने आपलं कामाचं यंत्र मिंटवर नेऊ नये. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला काही ठिकाणी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, पण पोर्टलची सही घेणारी जोडणी त्याच्याशी बोलेलच असं नाही. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हा प्रयोग करू नये. जीएसटी विवरणपत्र ओटीपीने भरणाऱ्या प्रोप्रायटरला ही अडचण येत नाही.

टॅलीसाठी म्हणून यंत्र बंद करून जुन्या हार्डडिस्कची केबल परत लावली आणि बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवली. मिंटमधून विंडोजची डिस्क उघडली तर ती फक्त वाचता येत होती, त्यावर काही लिहू देत नव्हती. विंडोज १० मध्ये ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे तिची अर्धी अवस्था डिस्कवर ठेवलेली असते आणि अशा डिस्कवर मिंट लिहीत नाही, ते योग्यच आहे. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढून टाकलं आणि विंडोज एकदा नीट बंद केली, मग डिस्क मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला विंडोज लावली तर घड्याळात पहाटेचे साडेतीन. नवा सेल खराब निघाला असं वाटावं, पण फरक नेमका साडेपाच तासांचा होता. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते. टॅलीत व्हाउचरच्या तारखा असतात, तेव्हा हे तसंच सोडून चालत नाही. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’, मग जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी’, मग जागा सोडून १, अशी इंग्रजी अक्षरांत एक ओळ दिली आणि मदरबोर्डचं घड्याळ भारतीय वेळेवर आणलं. दोन्ही डिस्क पाळीपाळीने दोनदा सुरू करून बघितल्या, वेळ जुळली. मग कॅबिनेटवर कागदाची पट्टी चिकटवली: रोज नुसतं बटण दाबा, मिंट येईल; टॅलीच्या दिवशी चालू करताना एफ१२ आणि पाचशे जीबीची ओळ.